हक्काचं की खुशीचं

फुटबॉलच्या लीगमध्ये नोकरी केली असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या पायांकडे बघतो आणि मग चष्म्याकडे. मी शाळेतसुद्धा कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पालघरच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत होतो. अक्षर बरं होतं, आणि नियमावली कंटाळा न करता शेवटपर्यंत वाचायची खोड होती. एवढ्या भांडवलावर लीगच्या मंडळींनी मला पगारी निबंधक म्हणून बोलावून घेतलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लागलो तो नव्वदीच्या मध्यापर्यंत तिथेच राहिलो.

या लेखात दोन बायका येतात. जनाबाईंना जाऊन काही वर्षं झाली. हिराबाई या श्रावणात गेल्या. दोघींपैकी एक जरी हयात असती तरी मी हे लिहिलं नसतं. आताही नावं बदलली आहेत. बाकी जसं आठवतं तसं आहे. अलीकडे लिहायला वेळ फार लागतो. एक वाक्य झालं की पेन खाली ठेवून बसून राहावंसं वाटतं.

आधी आमचं काम काय होतं ते सांगतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा नवेनवे कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येकाला आपला एक फुटबॉल संघ हवा होता. गावांचे संघ होतेच. या सगळ्यांची मिळून आमची लीग. पहिल्या गटातले खेळाडू पैसे घेऊन खेळायचे. गावच्या पोरांना सामन्यामागे भत्ता मिळे, कारखान्याच्या खेळाडूला नोकरी. माझ्याकडे तीन कामं: खेळाडूंची नोंदणी, मैदानांची तपासणी आणि संघांच्या खर्चाची छाननी. पहिल्या कामात लोक चहा पाजायचे, दुसऱ्यात जेवायला घालायचे, आणि तिसऱ्या कामाला गेलो की घरात कोणी नसायचं.

मैदान तपासणं हे बाहेरच्याला वाटतं तेवढं सोपं नाही. पालघरजवळच्या माहीमला वाडीच्या कडेला मैदान होतं. कॉर्नरच्या झेंड्यावर एक नारळ वाकलेला. मी म्हटलं, हा तोडावा लागेल. वाडीचे मालक म्हणाले, "साहेब, नारळ माझ्या आज्याने लावला, तुमचा झेंडा परवा लागला. कोनी सरायचं?" झेंडा सरला. त्या बाजूची कॉर्नर लीगमध्ये कायम थोडी आखूड राहिली आणि सगळ्या संघांनी ती निमूट मान्य केली.

नोंदणीतही गमती होत्या. कारखान्याचा खेळाडू खरोखर कामगार असला पाहिजे, असा नियम. बोईसरला एका कारखान्यात मी एका उंच, देखण्या पोराला विचारलं, तू कुठल्या खात्यात? तो मोकळेपणाने म्हणाला, "साब, मैं लेफ्ट आउट हूँ. मशीन का काम दूसरे लोग देखते हैं." त्याचं नाव हजेरीपटावर होतं, पगार होता, फंड कापला जात होता. नियमाने तो कामगारच होता. मी सही केली.

आता खर्चाचा नियम. तो वाईट हेतूने केलेला नव्हता. माझ्याआधी एका हौशी मालकाने एका संघावर वाटेल तसा पैसा ओतला, बाहेरून खेळाडू आणले, सगळ्यांना हरवलं, आणि दोन मोसमांत त्याचा जीव रमेनासा झाला तेव्हा तो संघ रातोरात बुडाला. खेळाडू उघड्यावर पडले. तेव्हा शहाण्या माणसांनी बसून ठरवलं, की संघाने स्वतःच्या उत्पन्नाइतकाच खर्च करावा. स्वतःचं उत्पन्न म्हणजे तिकिटं, सभासदांची वर्गणी, आणि संघाला हक्काने मिळणारं कोणतंही येणं. देणगी चालणार नाही. अपवाद एकच होता, मैदानाचा. कुंपण, गॅलरी, पाण्याची सोय यासाठी कितीही देणगी घ्या, ती खर्चात धरली जाणार नाही. मैदान सगळ्यांच्या कल्याणाचं, असा त्यामागचा विचार.

कागदावर हे इतकं नीटस दिसे की मला त्याचा अभिमान वाटायचा. सातपाटीला पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या अभिमानाला पहिला तडा गेला.

सातपाटीचं मैदान म्हणजे बोंबील वाळवायची जागा. दिवाळीनंतर तिथे बांबूंच्या उभ्याआडव्या काठ्यांवर बोंबलांच्या माळा लागायच्या. सामन्याच्या दिवशी बायका सकाळी मधल्या काठ्या काढायच्या आणि सामना संपला की परत रोवायच्या. मैदानाच्या मधून बंदराकडे जायची वाट. तिथे कुंपण घालणार कसं, आणि तिकीट लावणार कोणाला? गॅलरी बांधायची तर तेवढ्या बायकांची वाळवणाची जागा कायमची जाणार. उलट कारखान्याचं मैदान बघा. भूखंड सवलतीत मिळालेला, चारी बाजूंनी भिंत, सिमेंटची गॅलरी, दाराशी तिकीट. भिंत होती म्हणून उत्पन्न होतं, उत्पन्न होतं म्हणून खर्च चालत होता. खेळाडूंचा मोठा खर्च तर पगारात जायचा आणि पगार हा संघाचा खर्चच नव्हता. आमचा नियम दोघांना एकाच मापाने मोजत होता, फक्त एकाला भिंतीच्या आत आणि दुसऱ्याला भिंतीच्या बाहेर उभं करून.

तरीही सातपाटीचा संघ पहिल्या गटात होता, तो हिराबाईंमुळे. त्या मासळी विकायच्या. संघाचा कारभार त्यांच्याकडे कसा आला हे विचारलं तर म्हणायच्या, "घरचा पैसा बायका बघतात, मंग पोरांचा कोन बघनार?" माझा हुद्दा त्यांनी कधी लक्षात ठेवला नाही. चष्मा लावून लिहिणारा माणूस म्हणजे मास्तर.

संघाला पैसा यायचा तो असा. बोट किनाऱ्याला लागली की पापलेट मच्छीमारांच्या सोसायटीत जायचं. उरलेल्या मासळीचे वाटे पडायचे. बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, बोट हाकणाऱ्या तांडेलाचा, खलाशांचा. सगळे वाटे पडले की तांडेल एक पाटी भरून बाजूला ठेवायचा. ती मैदानाची पाटी. हिराबाई ती विकायच्या आणि त्यातून पोरांचे भत्ते, बूट, सामन्याला जायचा टेम्पो.

ऐंशीच्या दशकातल्या त्या मोसमात सातपाटीचा संघ अनपेक्षितपणे दुसऱ्या क्रमांकावर आला. पहिल्या क्रमांकावर बोईसरचा एका रंगाच्या कारखान्याचा संघ. शेवटचा सामना या दोघांतच, रविवारी. सातपाटी जिंकली असती तर अजिंक्यपद गावात गेलं असतं. त्याच्या आदल्या आठवड्यात कारखान्याची तक्रार माझ्या टेबलावर आली. सातपाटीचा संघ देणग्यांवर चालतो, सबब त्याला पहिल्या गटातून काढावं.

तक्रारीवर सही होती रणदिवे साहेबांची. ते कारखान्याचे कार्मिक अधिकारी, सभ्य माणूस. मला म्हणाले, "मला वरून सांगितलंय. आणि मुद्दा चुकीचा आहे का, तुम्हीच सांगा." मुद्दा चुकीचा नव्हता, तीच अडचण होती. आणखी एक गोष्ट मनात सलत होती. त्याच पाट्यांच्या पैशातून गावाने गॅलरी बांधली असती, तर कोणाला ब्रही काढता आला नसता. सगळ्या तांडेलांना आधीच सभासद करून पाटीला वर्गणी म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण मागच्या तारखेने सभासद करता येत नव्हतं.

मी सातपाटीला गेलो. बोटी लागत होत्या, किनाऱ्यावर हाकारे, ओरडा. हिराबाई वाट्यांशी उभ्या होत्या. शेजारी त्यांचा भाचा दामू, संघाचा गोलकीपर आणि कप्तान. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. सुटकेची एकच वाट दिसत होती. ही पाटी बोटीने खुशीने दिली असेल तर ती देणगी. पण देणं बंधनकारक असेल, जाळ्याच्या वाट्यासारखं, तर ते संघाचं हक्काचं येणं. हक्काचं येणं नियमात बसतं.

दामू म्हणाला, "मंग झालं तर! द्यावीच लागते म्हनायचं. मावशी, ऐकलंस ना?"

हिराबाईंनी पाटी उचलली, चुंबळ नीट केली. "ऐकलं," म्हणाल्या.

थोड्या अंतरावर एक बोट रिकामी होत होती. तिच्या वाट्यांच्या बाजूला पाटी नव्हती. मी विचारलं. दामूने नजर वळवली. हिराबाई म्हणाल्या, "ती जनाबायची. मालक तिचा पावसानंतरच्या पहिल्याच खेपेला गेला, परत आला नाय. दीर बोट नेतो." मग आवाज खाली आणून, "तिथे उभे नका राहू मास्तर. ती बघतेय."

मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. मी टिपण घेऊन पालघरला परतलो.

सुनावणी शनिवारी दुपारी. लीगचं कार्यालय एका दुकानाच्या माडीवर होतं. समितीत तिघं, मध्ये पालघरच्या कोर्टातले एक वकीलसाहेब. एका बाजूला रणदिवे, दुसऱ्या बाजूला हिराबाई आणि दामू. खाली रस्त्यावर सातपाटीचा अख्खा संघ टेम्पोभोवती उभा. त्यांचं बोलणं खिडकीतून वर येत होतं, आणि वर कोणी बोलायला लागलं की खाली एकदम शांत व्हायचं.

रणदिव्यांनी मुद्दा मांडला. आवाज चढवला नाही, सातपाटीच्या खेळाचं कौतुकही केलं. म्हणाले, नियम लहान संघांच्या रक्षणासाठीच आहे, मग तो लहान संघाने मोडला तर मोठ्यांना कोण अडवणार? समितीतल्या दोघांनी माना डोलावल्या.

मग वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. निबंधकाने वस्तुस्थिती समितीपुढे मांडायची, मत द्यायचं नाही, अशी रीत. मी उभा राहिलो आणि रीत सोडून हिराबाईंनाच विचारलं, "हिराबाई, बोट लागली की मैदानाची पाटी काढावीच लागते, तो गावचा दंडक आहे. असंच ना?"

प्रश्नातच उत्तर होतं. वकीलसाहेबांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी प्रश्न अडवला नाही. रणदिव्यांनीही आक्षेप घेतला नाही. माझ्या लक्षात आलं, त्या खोलीत "हो" ऐकायला कोणाचीच हरकत नव्हती. कदाचित रणदिव्यांचीसुद्धा.

हिराबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "देतात सगले."

"द्यावी लागते का, असं विचारतायत," वकीलसाहेब म्हणाले.

दामू मध्येच बोलला. "द्यावीच लागते साहेब! मावशी घाबरलीय. कधी वरती आली नाय ना अशी."

"तुम्ही थांबा. बाईंना बोलू द्या. बाई, समजा एखाद्या बोटीने पाटी दिली नाही. तर?"

"तर काय? नाय दिली."

"या मोसमात असं झालं?"

"नाय झालं!" दामू म्हणाला.

"दामू, गप." आवाज लहानच होता, पण तो बसला. "झालं, साहेब. एक बोट देत नाय."

वकीलसाहेब पुढे झुकले. आता त्यांचा सूर कोर्टातला राहिला नव्हता. "बाई, नीट विचार करून उत्तर द्या. सगळा निकाल यावर आहे. पाटी जर हक्काची असेल, तर त्या बोटीकडे तुमच्या संघाचं येणं बाकी आहे. ते नंतर घ्याल, पुढच्या वर्षी घ्याल, पण बाकी आहे. तसं आहे का? तेवढं हो म्हणालात तरी मला पुरे."

दामूने दोन्ही मुठी गुडघ्यांवर आवळल्या होत्या. मी हिराबाईंकडे बघत होतो आणि मनातल्या मनात त्यांच्याऐवजी हो म्हणत होतो. पुस्तकांत माणसं अशा वेळी खिडकीबाहेर बघतात. हिराबाईंनी सरळ वकीलसाहेबांकडे बघितलं.

"नाय साहेब. तिच्याकडं काय पन बाकी नाय."

"मग ही पाटी खुशीची झाली."

"खुशीचीच हाय. मागत नाय आमी कोनाकडं."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. निकालाला फार वेळ लागला नाही. सातपाटीचा संघ त्याच दिवसापासून दुसऱ्या गटात, रविवारचा सामना रद्द, अजिंक्यपद कारखान्याला. दुसऱ्या गटात भत्ते नसत. पहिल्यात परत यायचं तर बांधीव गॅलरी हवी, हा नियम त्याच वर्षीपासून लागू होत होता. म्हणजे परतीची वाट बोंबलांच्या जागेवरून जात होती.

दामू जिन्यात मावशीला म्हणाला, "एक शब्द बोलायचा होता तुला. एक शब्द. तिला कोन विचारायला जानार होतं?"

"आज नाय. उद्या गेलं असतं कोनतरी," हिराबाई म्हणाल्या. "आनि हे बघ, जनाबायच्या बोटीवरून झालं हे खाली सांगायचं नाय. गावात पन नाय. माझं चुकलं म्हनून सांग."

त्याने तसंच सांगितलं. रागात होता म्हणून ते खरंही वाटलं. सातपाटीत पुढे कित्येक वर्षं हेच बोललं गेलं, की हिराबाय साहेबांपुढे घाबरली आणि भलतंच बोलून बसली. कोणी चारचौघांत टोमणा मारे, "हिराबायला नको पाठवू तलाठ्याकडं, घर लिहून देईल." त्या हसून घ्यायच्या.

पुढच्या महिन्यात रणदिव्यांनी दामूला आणि आणखी एका पोराला कारखान्यात नोकरी देऊ केली. दामू कायम झाला, क्वार्टर मिळाली, बरीच वर्षं त्या सिमेंटच्या गॅलरीपुढे गोलात उभा राहिला. मावशीने त्याला अडवलं नाही, उलट जा म्हणून सांगितलं. बाकीची पोरं बोटीवर गेली. त्यांच्यात एक डावा पाय होता, तसा मी नंतर लीगमध्ये पाहिला नाही. त्याचं काय, हा प्रश्न मला पडतो. हिराबाईंचं बरोबर होतं का, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. एका बाईची लाज राखायला त्यांनी सगळ्या पोरांचा मोसम दिला, आणि पोरांना न विचारता दिला. दामूची बाजूही बाजू होती.

मी एवढंच केलं, की पुढच्या सर्वसाधारण सभेत एक सूचना मांडली. मैदानावर येणारा पैसाही संघाच्या खर्चात धरावा, सवलतीचा भूखंडसुद्धा. अनुमोदन मिळालं माहीमच्या वाडीवाल्यांचं. मतदानात दोनच हात वर गेले, दोन्ही आमचेच. सभेनंतर एक गृहस्थ म्हणाले, "निबंधक, भिंत काय गोल मारते का?" मी म्हटलं, "नाही, पण तिकीट तीच फाडते." ते हसले. सूचना कागदावर तशीच राहिली. नियम होता तोच चालू राहिला, आणि तो तपासायचं काम माझ्याकडे. मी ते चोख केलं. नव्वदीत कारखान्यांनीच संघ मोडीत काढायला सुरुवात केली, त्यांच्या कामगार-कल्याण खात्याचे पैसे आटले, तेव्हा भिंती उभ्या होत्या आणि आत गवत वाढलं होतं. लीग बंद पडली तसा मी वाचनालयात परत गेलो.

हिराबाई पालघरच्या मासळी बाजारात बसायच्या. मी मासळी त्यांच्याकडूनच घ्यायचो. सुनावणीबद्दल आम्ही कधी बोललो नाही. बोलायचं धाडस झालं ते लीग बंद झाल्यावर, एका सकाळी, गिऱ्हाईक कमी होतं तेव्हा. मी पाटीपाशी उकिडवा बसलो आणि हळूच विचारलं, "हिराबाई, त्या दिवशी मी प्रश्न तसा का विचारला, ते तुमच्या लक्षात आलं होतं का?"

"पहिल्याच वेळी."

"मग?"

त्यांनी हातातला कोयता पाटावर ठेवला. "मास्तर, तुमी सांजेला हापिसाला कुलूप लावून घरी जानार. वकीलसाहेब कोर्टात जानार." त्यांनी मान किंचित उजवीकडे वळवली. तिथे, पाटीला पाटी लावून, जनाबाई गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होत्या. "मला हिच्या बाजूला बसायचं होतं. रोज."

तेवढ्यात जनाबाईंचं गिऱ्हाईक गेलं. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "काय गं, काय म्हनतात मास्तर एवढं हलू हलू?"

"काय नाय," हिराबाई म्हणाल्या. "सुरमई महाग म्हनतात."

"महागच हाय," जनाबाई म्हणाल्या. "पन मास्तर गरीब मानूस. दे त्यांना एक तुकडा वर."

हिराबाईंनी दिला. मी तो घेऊन घरी आलो.